पद भरलेले आहे

आमच्या गावच्या आरोग्य उपकेंद्राच्या सिस्टर भीमाशंकरला ड्युटीवर गेल्या, असं मला पहिल्यांदा श्रावणात सांगण्यात आलं. त्यात संशय घेण्यासारखं काही नव्हतं. श्रावणात तिथं गर्दी होते, आरोग्य खात्याचा तंबू लागतो, त्यासाठी तालुक्यातून माणसं उचलून नेतात. मी वहीत तसं लिहून ठेवलं. भाद्रपदात विचारलं, तेच उत्तर. नवरात्रात तेच. दिवाळी झाली, त्रिपुरी पौर्णिमाही उलटली, तरी उपकेंद्राच्या पायरीवर बसलेली मदतनीस बाई म्हणाली, "भीमाशंकरला हायेत." मी तिला विचारलं की आता महादेवाची कुठली यात्रा राहिली आहे. ती म्हणाली, "ते मला काय म्हाईत बाई? मला सांगितलं ते मी तुमाला सांगितलं."

गावानं तोपर्यंत त्याचा विनोद करून टाकला होता. लाईट गेली की ती भीमाशंकरला गेली. संध्याकाळची एसटी आली नाही की तीही तिकडेच. मला त्या विनोदाला हसू यायचं नाही, कारण मला शिमग्याच्या आत एका प्रश्नाचं उत्तर द्यायचं होतं.

प्रश्न शेजारच्या मावशीचा होता. त्यांचं घर मेंढरं राखणारं. दिवाळी झाली की घरातले पुरुष कळप घेऊन कोकणच्या बाजूला उतरत आणि पावसाच्या तोंडावर परत येत. मागे राहत सासू आणि सून. सुनेला आई नव्हती, त्यामुळे बाळंतपणाला माहेरी पाठवायची सोय नव्हती. दोन वर्षांपूर्वी तिचं पहिलं बाळंतपण अडलं, तेव्हा मावशी आधी उपकेंद्राकडे पळाली, तिथं कुलूप पाहिलं आणि मग जीप शोधायला गेली. जीप मिळाली. मूल जीपमध्येच जन्मलं आणि रडलं नाही. त्या दिवशी सिस्टर मीटिंगला गेल्या होत्या, असं नंतर कळलं. आता सून पुन्हा गरोदर होती आणि दिवस शिमग्याच्या पुढेमागे भरणार होते.

मावशी एकदा माझ्या ओट्यावर येऊन बसली आणि म्हणाली, "बाई, तुमी समदं लिवून ठिवता. ती शिस्टर शिमग्याला असंल का नसंल, येवढंच मला सांगा. नसंल तर मी आत्तापासनं दुसरं बगते."

लिहून ठेवण्याची सवय मला आहेच. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. आमचं गाव आंबेगाव तालुक्याच्या पूर्वेला, लोणीच्या अलीकडे. शाळेच्या वाटेवरच उपकेंद्र, त्यामुळे रोज जाता-येता नजर टाकणं सोपं होतं. वहीत चार रकाने आखले: तारीख, दार उघडं की कुलूप, कोणी काय सांगितलं, आणि ते पाहिलेलं की ऐकलेलं. चौथा रकाना सगळ्यात कामाचा. गावात ऐकलेलं फार असतं.

इमारत नव्वदच्या दशकात बांधलेली, चांगली, फरशी घातलेली. खिडकीच्या जाळीतून आतलं बाळंतपणाचं टेबल दिसायचं. त्याच्यावरचं प्लास्टिक अजून काढलेलं नव्हतं. सकाळी दोन तास मदतनीस दार उघडी, ताप-खोकल्याच्या गोळ्या देई आणि पुन्हा कुलूप लावी. लसीकरणाला वरून जीप येई, तीही महिन्याआड. मी एकदा हजेरीचं रजिस्टर पाहायला मागितलं, तर तिनं ते उचलून कपाटात ठेवलं आणि कपाटाला पाठ लावून उभी राहिली. एवढ्यानं माझा संशय पक्का झाला. माझा हिशोब सरळ होता: बाई पगार इथला घेते आणि बसते घरी. त्यात कोणीतरी सांगितलं की मंचरच्या एका खाजगी दवाखान्याबाहेर सिस्टरची गाडी दोनदा दिसली. वहीत मी ते 'ऐकलेलं' म्हणूनच लिहिलं. पण शाळेच्या स्टाफरूममध्ये बोलताना तो रकाना काही मी सोबत सांगितला नाही, आणि तिथून गोष्ट माझ्या आधी गावात पोहोचली.

दिवाळीनंतर मी वरच्या ऑफिसला तक्रार लिहिली. मी स्वतः सरकारी नोकर, माझ्या नावानं तक्रार गेली असती तर माझीच फाईल उघडली असती. म्हणून अर्ज मावशीचा, अंगठा मावशीचा, अक्षर माझं. सोबत वहीतल्या तारखांची नक्कल जोडली आणि वर ठळक मथळा दिला: 'आरोग्य सेविका गैरहजर असल्याचे दिवस'. महिन्याभरानं उत्तर आलं. एकच ओळ होती. सदर उपकेंद्रात आरोग्य सेविकेचे पद भरलेले आहे.

मावशीला मी ती ओळ वाचून दाखवली. ती म्हणाली, "भरलेलं हाय म्हंजी ती येनार का?"

मी म्हणाले, कळत नाही.

"मग तुमी काय इचारलं व्हतं त्यांना?"

पौषात शाळेची सहल शिवनेरी करून नाणेघाटाला निघाली. घाटघरच्या अलीकडे एका वाडीजवळ गाडी थांबली आणि पाचवीतली एक मुलगी दगडावरून घसरून हनुवटीवर आपटली. रक्त बरंच येत होतं. वाडीतल्या माणसानं पुढचं उपकेंद्र दाखवलं. मी विचारलं, सिस्टर आहेत का. तो म्हणाला, "हायेत की. कवाबी जा." सरकारी माणूस कधीही भेटेल असं कोणी सांगितलं की मला आधी ते खोटंच वाटतं. पण दार उघडं होतं. आत बाकावर एक बाई तान्हं मूल घेऊन बसली होती आणि टेबलामागे आमच्या सिस्टर होत्या.

त्या म्हणाल्या, "बाई, तुम्ही इकडे कुठे?"

"मीही तेच विचारणार होते," मी म्हणाले.

त्यांनी आधी मुलीची जखम धुतली, पट्टी बांधली, टाके लागणार नाहीत असं सांगितलं आणि मुलांना बाहेर काढलं. मग कपाटातून एक कागद काढून माझ्यासमोर ठेवला. कारणे दाखवा नोटीस होती. मुख्यालयी, म्हणजे नेमणुकीच्या गावी, का राहत नाही, याचा खुलासा मागितला होता. नोटिशीच्या मागे टाचणी मारून माझी यादी जोडलेली होती, झेरॉक्स.

"अंगठा मावशीचा आहे," सिस्टर म्हणाल्या. "पण असा जुन्या वळणाचा 'झ' आपल्या बाजूला तुम्हीच काढता. शाळेच्या फळ्यावर पाहिलाय मी."

नाकारण्यात अर्थ नव्हता. मी विचारलं की श्रावणापासून तुम्ही आहात कुठे. त्यांनी दुसरा कागद दिला. मूळ आदेश दहा दिवसांचा, भीमाशंकरच्या यात्रेसाठी. शेवटच्या ओळीत 'व त्यानंतर पुढील आदेशापर्यंत' एवढे शब्द जास्तीचे. पुढचा आदेश आला तो परत आमच्या गावी पाठवायचा नव्हता, इकडे पाठवायचा होता, कारण इथल्या सिस्टरची बदली झाली होती आणि पावसात या बाजूला साथ होती. साथ गेली. कार्यमुक्त करायचा कागद कोणी काढला नाही. मी दोन्ही कागद खिडकीपाशी नेले, जावक क्रमांक पाहिले, सही आणि शिक्का पाहिला. ताडून बघितल्याशिवाय मी कुणाचं ऐकत नाही. कागद खरे होते.

म्हणजे आमच्या गावात पद भरलेलं आणि माणूस नाही. या वाडीत माणूस आणि पद रिकामं. एकाच बाईला दोन ठिकाणी मोजत होते, आणि जिथं नाही तिथं का नाही म्हणून तिलाच नोटीस.

"ज्यांनी पाठवलं तेच विचारतायत का गेलीस," सिस्टर म्हणाल्या. "आणि मंचरच्या दवाखान्याबाहेर माझी गाडी दिसते म्हणे. ती गाडी विकून मला दोन वर्षं झाली, बाई."

हे त्यांच्यापर्यंत कोणत्या वाटेनं आलं ते मी विचारलं नाही. मला माहीत होतं.

खरी शरम मला वेगळ्याच गोष्टीची वाटली. आमच्या शाळेत त्या वेळी कागदावर चार शिक्षक होते आणि वर्गात तीन. चौथे तीन वर्षांपासून पंचायत समितीत टेबलावर बसत होते. चौथा शिक्षक मागितला की उत्तर यायचं, तुमच्याकडे चार आहेत. ही युक्ती मी रोज दोन वर्ग एकत्र बसवून भोगत होते, आणि दोनशे पावलांवरच्या उपकेंद्रात तीच दिसली तेव्हा मी मथळा दिला 'गैरहजर'.

बाकावरची बाई इतका वेळ ऐकत होती. मूल खांद्यावर घेऊन ती उठली आणि माझ्याकडे बघत म्हणाली, "तुमी शिस्टरला न्यायाला आलात व्हय?"

मी नाही म्हणाले. त्या क्षणी ते खरं नव्हतं.

तिलाही ते खरं वाटलं नाही. ती बाहेर गेली नाही, दारातच उभी राहिली, म्हणजे मला सिस्टरला घेऊन जायचं असतं तर तिला ओलांडून जावं लागलं असतं.

मग सिस्टरनी मावशीच्या सुनेची चौकशी केली. पहिल्या खेपेचं त्यांना सगळं आठवत होतं. मी म्हणाले, मावशीला एवढंच हवंय की शिमग्याला तुम्ही उपकेंद्रात असाल का. त्यांनी मान हलवली. "पोरगी ठेंगणी आहे, पहिलं अडलेलं आहे. तिला उपकेंद्रात ठेवूच नका. मी असले तरी ठेवू नका." सरकारी रुग्णालयात न्यायचं, पण तिथंही बाईडॉक्टर मंगळवारी आणि शनिवारीच असतात, भूल देणारे फक्त मंगळवारी. "बोर्डावर रोजचं लिहिलंय. बोर्ड बघून जाऊ नका. आठ दिवस आधी जाऊन जवळ राहा आणि मंगळवारी दाखवा."

मी ते वहीत लिहून घेतलं. रकान्यात 'ऐकलेलं' लिहिलं आणि परतल्यावर पुढच्या दोन मंगळवारी ओळखीच्या एका माणसाला रुग्णालयात पाठवून खात्री केली. दोन्ही मंगळवारी दोन्ही डॉक्टर होते. मधल्या गुरुवारी पाठवलं तेव्हा कोणी नव्हतं.

मावशीला उत्तर दिलं: सिस्टर शिमग्याला नसेल, आणि असती तरी तिथं जायचं नाही. मंगळवारचं सगळं समजावून सांगितलं. मावशीनं शिमग्यापर्यंतचे मंगळवार बोटांवर मोजले. मग म्हणाली, "नसंल आसं तोंडावर सांगनाऱ्या तुमीच पयल्या." दुसऱ्याच दिवशी तिनं रुग्णालयाच्या गावात राहणाऱ्या एका नणंदेला निरोप धाडला.

जानेवारीच्या ग्रामसभेत मी विषय मांडला. मागणी लिहून नेली होती: आमच्या उपकेंद्रातील आरोग्य सेविकेचे पद रिक्त असल्याचे जाहीर करावे. सरपंचांनी ती वाचली, चष्मा काढला आणि सभेकडे पाहून म्हणाले, "राव, लोकं पद भरा म्हनून भांडत्यात. आमच्या बाई रिकामं मागत्यात. लई शिकलं की आसं व्हतं."

सभा हसली. एक जण म्हणाला की बाईंच्या शाळेचंही एखादं पद रिकामं करून टाका. मी म्हणाले, करा, मीही तेच म्हणते. मग शाळेचं उदाहरण देऊन सांगितलं. चौथे गुरुजी कागदावर आहेत तोवर पाचवीला गुरुजी मिळणार नाहीत, हे सगळ्यांना ठाऊक होतं, कारण त्यांचीच मुलं दोन वर्गांत दाटीनं बसत होती. पद रिकामं लिहिलं तरच शेजारच्या उपकेंद्राच्या सिस्टरकडे आमचा कार्यभार देता येतो किंवा नवी नेमता येते. भरलेल्या पदावर कोणी माणूस पाठवत नाही.

"मग आपली शिस्टर परत आना असं सरळ का न्हाई लिवत?" सरपंच म्हणाले. "ती आपली हाय."

ते लिहिणं सोपं होतं, आणि सभेला तेच हवं होतं. मला दारात उभी राहिलेली ती बाई आठवत होती. पण तिच्यासाठी ग्रामसभेत कोणी हात वर केला नसता, म्हणून मी वेगळं कारण दिलं. म्हणाले, परत आणली तर पुढच्या श्रावणात पुन्हा नेतील. हे पटलं. ठराव झाला. सरपंचांनी सही करण्यापूर्वी तो मोठ्यानं वाचला नाही, हे मी पाहिलं. न वाचता झालेली सही उद्या नाकारायला सोपी असते, म्हणून चार पंचांच्या सह्या वेगळ्या घेतल्या.

सोबत जुन्या यादीची दुरुस्त प्रत जोडली. तारखा त्याच ठेवल्या. मथळा बदलला: 'आरोग्य सेविका आदेशानुसार अन्यत्र कामावर असल्याचे दिवस'. मावशीनं पुन्हा अंगठा दिला. त्या नोटिशीचं पुढे काय झालं ते मी नंतर सिस्टरना विचारलं होतं. त्या म्हणाल्या, फाईलला लागली. त्याचा अर्थ मिटली असा की थांबली असा, हे त्यांनाही सांगता आलं नाही.

शिमग्याच्या आठ दिवस आधी मावशी सुनेला घेऊन नणंदेकडे गेली. मंगळवारी दाखवलं, ठेवून घेतलं. त्याच दुपारी पोट फाडून मुलगी झाली. जन्मल्या जन्मल्या रडली. मावशीनं निरोप पाठवला त्यात मुलीच्या वजनापेक्षा रडण्याचंच वर्णन जास्त होतं.

त्या तिघी गावी परतल्यावर तिसऱ्या दिवशी मदतनीस माता-बाळाच्या नोंदींचं कार्ड घेऊन आली. बाळंतिणीच्या घरी सिस्टरनं दिलेल्या भेटी त्यावर आधीच भरलेल्या होत्या, गरोदरपणातल्या तपासण्यांसह. रक्त तपासलं, वजन केलं, सल्ला दिला, सगळं नीट अक्षरात. फक्त अंगठा राहिला होता. मावशीनं मला हाक मारली आणि विचारलं, "करू का?"

मी कार्ड दोनदा वाचलं. अंगठा दिला तर सिस्टर गावात होती असं ठरणार, आणि पद भरलेलंच राहणार. नाही दिला तर सिस्टरना दुसरी नोटीस. मदतनीस म्हणाली, "बाई, नुसता आंगठा तर हाय. आख्ख्या तालुक्यात आसंच भरत्यात."

मी तिला विचारलं, हे तू भरलंस का. ती म्हणाली, तिला सांगितलं तसं भरलं. या वेळी माझा विश्वास बसला. तीही कोणाच्या तरी आदेशावरच चालत होती.

मी पेन घेतलं आणि कार्डाच्या समासात लिहिलं: भेटी झाल्या नाहीत. सेविका आदेशानुसार दुसऱ्या उपकेंद्रात कामावर. मदतनीस म्हणाली, "त्या कागदावर आसल्याला जागा न्हाई, बाई." मी म्हणाले, म्हणून तर समासात लिहिलं. मावशीनं विचारलं की काय लिहिलं. मी वाचून दाखवलं. तिनं सुनेकडे पाहिलं, सुनेनं मान हलवली, आणि मावशीनं अंगठा माझ्या ओळीखाली दाबला, भेटींच्या खाली नाही.

चैत्र संपताना आदेश आला. आमचं पद 'तात्पुरते रिक्त' झालं होतं आणि शेजारच्या उपकेंद्राच्या सिस्टरकडे दर शुक्रवारचा अतिरिक्त कार्यभार दिला होता. गावानं नारळ फोडला. सरपंचांनी श्रेय घेतलं, ते मी घेऊ दिलं. मी मात्र पहिल्या शुक्रवारी किरकोळ रजा टाकून सकाळपासून उपकेंद्राच्या पायरीवर बसले. आदेश आला म्हणजे माणूस येईल, यावर माझा भरवसा नव्हता.

दहा वाजता नव्या सिस्टर चालत आल्या. तरुण होत्या, पिशवीत लसीचा डबा होता. मावशी सून आणि नातीला घेऊन सगळ्यांच्या आधी येऊन बसली होती. दीड महिन्याचा डोस होता. सिस्टरनी मुलीच्या मांडीला कापूस लावला, सुई टोचली. मुलगी किंचाळली, तशी मावशी समाधानानं हसली.

मी डोस कार्डावर लिहिलेला पाहिला. तारीख बरोबर होती. मग विचारलं, "तुमच्या उपकेंद्रात शुक्रवारी कोण असतं?"

सिस्टर कार्डावर सही करत होत्या.

"शुक्रवारी?" त्या म्हणाल्या. "कोणी नाही, बाई. मी इथं आहे ना."

मावशीनं नातीला उगी करत माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "त्या गावात कोन बाळंतपनाची हाय का?"

सिस्टर म्हणाल्या, दोघी आहेत. एकीचे दिवस भरत आलेत.

"मग तिला मंगळवारचं सांगितलंय का?" मावशीनं विचारलं.

सिस्टरना मंगळवारचं काही माहीत नव्हतं. मावशी सरकून त्यांच्या शेजारी बसली आणि सांगू लागली.